ससा घरी आणताय? गाजर बाजूला ठेवा, आधी गवताची सोय बघा

भुदरगड तालुक्यातल्या घरांना जनावर पाळणं नवं नाही. गोठ्यात म्हैस, परड्यात कोंबड्या, दारात कुत्रं आणि चुलीपाशी मांजर हे चित्र गारगोटीच्या आसपास आजही दिसतं. आता त्यात ससा येऊ लागला आहे. कोल्हापूर किंवा पुण्यात शिकणाऱ्या कुणीतरी खोलीवर ससा पाळलेला असतो, शिक्षण संपतं आणि ससा गावाकडच्या घरी येतो. कुठे ओळखीच्यांच्या घरी जोडीचे दहा झालेले असतात आणि 'एखादा न्या की' म्हणून तो हातात ठेवला जातो. कुठे मुलांच्या हट्टासाठी आणलेला ससा महिन्याभरात नकोसा होतो आणि दुसरं घर शोधतो.

असा दत्तक ससा घरी आणणं चांगलंच आहे. मात्र कुत्र्या-मांजराच्या किंवा गुरांच्या अनुभवावर ससा सांभाळायला गेलं, तर पहिल्याच महिन्यात तो दगावू शकतो. त्याचं पोट, त्याची हाडं आणि त्याची भीती, तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. नीट सांभाळला तर तो ८ ते १२ वर्षं जगतो. म्हणजे आज तिसरीत असलेल्या मुलासाठी आणलेला ससा ते मूल कॉलेजात जाईपर्यंत घरात असू शकतो. निर्णय घेताना हा हिशेब घरातल्या मोठ्यांनी करायचा असतो, कारण पुढे चारा-पाणी त्यांच्याच गळ्यात पडतं.

आधी एक खुलासा: कोणता ससा?

मराठीत दोन वेगवेगळ्या प्राण्यांना आपण 'ससा' हा एकच शब्द वापरतो, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

पांढरा, करडा किंवा ठिपक्यांचा जो पाळीव ससा दुकानात आणि घरांत दिसतो, तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. जमिनीत बिळं खोदून कळपाने राहणारा. त्याचं शास्त्रीय नाव ओरिक्टोलेगस क्युनिक्युलस. आपल्या माळावर, उसाच्या फडात, भुदरगडच्या डोंगरउतारावर दिसणारा तपकिरी, लांब पायांचा, मानेवर काळा डाग असलेला रानससा हा लेपस नायग्रिकोलिस. तो बिळं खोदत नाही, गवतात नुसता खळगा करून बसतो. दोघांच्या गुणसूत्रांची संख्याही वेगळी आहे (पाळीव सशाची ४४, रानसशाची ४८) आणि त्यांची एकमेकांपासून संतती होत नाही. चंद्रावरच्या डागात आपल्या पूर्वजांनी पाहिलेला आणि ज्याच्यावरून चंद्राला 'शशांक' नाव पडलं, तो हा रानातलाच.

हा फरक गारगोटीत महत्त्वाचा आहे, कारण हा उसाचा पट्टा आहे. दिवाळीच्या आसपास बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्यासाठी तोडी सुरू झाल्या की फडात रानसशाची पिल्लं सापडतात. पाळीव सशाचं पिल्लू जन्मतं तेव्हा केस नसलेलं आणि डोळे मिटलेलं असतं. रानसशाचं पिल्लू मात्र केसांसकट, डोळे उघडे ठेवूनच जन्मतं. आई शेजारी दिसत नाही, पिल्लू जागचं हलत नाही, म्हणून ते 'पोरकं' समजून उचललं जातं. ते पोरकं नसतं. शिकाऱ्याच्या नजरेत पिल्लू येऊ नये म्हणून रानसशाची मादी दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर थोडाच वेळ येऊन पाजून जाते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूतही चुकीची आहे. अशा पिल्लाला हातात गवत धरून अलगद उचलावं आणि शेजारच्या बांधावर, सावलीत, आडोशाला ठेवावं. एवढं पुरतं.

रानससा घरी आणणं हा गुन्हाही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे आणि या कायद्याच्या व्याख्येत प्राणी पकडणं हेही शिकारीतच मोडतं. पिल्लू जखमी असेल तर वन विभागाला कळवायचं. राज्याच्या वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. पाळीव सशासाठी मात्र वन विभागाच्या परवानगीची गरज नाही, कारण तो वन्यजीवच नाही. इथून पुढे 'ससा' म्हणजे हा पाळीव ससा.

घेताना काय बघायचं?

ससा फुकट मिळतोय म्हणून डोळे झाकून घेऊ नये. देणाऱ्याला वय विचारावं, नर की मादी ते विचारावं (आणि त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये, त्याचं कारण पुढे येईल), आणि रोज काय खातो ते नीट विचारावं. मग ससा हातात न घेता जमिनीवर मोकळा सोडायला सांगावं. तरतरीत ससा आधी दबकतो, मग नाक हलवत जागा तपासायला लागतो.

नाक वाहतंय का, हे नाकावर नेहमी दिसत नाही, कारण ससा पुढच्या पायांनी नाक पुसतो. त्यामुळे पुढच्या पायांची आतली बाजू बघावी. तिथले केस चिकटलेले असतील तर सर्दी जुनी आहे. कानात कवडी किंवा खपल्या असतील तर खरूज असू शकते, ती औषधाने बरी होते. शेपटीखाली घाण चिकटली असेल तर पोट बिघडलेलं आहे. पुढचे दात एकमेकांवर नीट बसतात का तेही पाहावं. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर. वरचा दात खालच्यावर घासला गेला नाही तर तो वाकडा वाढत जातो आणि ससा चारा तोंडाशी असूनही उपाशी राहतो.

गवत, गवत आणि गवत

गोष्टीच्या पुस्तकांनी आणि कार्टूननी सशाच्या हातात गाजर दिलं आणि सशांचं मोठं नुकसान केलं. गाजर हे कंदमूळ आहे, त्यात साखर भरपूर. सशाला ते आवडतं, जसा मुलांना पेढा आवडतो. आठवड्यातून एक-दोनदा बोटाच्या पेरा एवढा तुकडा, बस्स. गाजराचा पाला मात्र त्याला चालतो.

सशाच्या खाण्यात वाळकं आणि हिरवं गवत मिळून किमान ८० टक्के असायला हवं. यामागे त्याच्या पोटाची रचना आहे. त्याचं मोठ्या आतड्याच्या सुरुवातीचं पिशवीसारखं अंधांत्र खूप मोठं असतं आणि त्यात असंख्य जिवाणू गवताचा चोथा आंबवत असतात. चोथा सतत येत राहिला तरच आतडं हलतं राहतं. साखर आणि पीठ जास्त गेलं की नको ते जिवाणू माजतात, गॅस धरतो, आतडं थांबतं. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं परत येण्याची वाट नाही.

रात्री किंवा पहाटे ससा स्वतःच्याच मऊ लेंड्या थेट मागून तोंडात घेऊन खाताना दिसला तर घाबरू नये, हटकूही नये. अंधांत्रात तयार झालेली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं तो अशा प्रकारे दुसऱ्यांदा पचवतो. गाय-म्हैस रवंथ करते, सशाची ही वेगळी तऱ्हा. रोजच्या कोरड्या गोल लेंड्या निराळ्या, त्या तो खात नाही.

शहरात सशासाठी परदेशी टिमोथी गवताची पाकिटं विकत आणावी लागतात आणि ती स्वस्त नसतात. गारगोटीत हा प्रश्न अर्धा सुटलेला आहे. माळावरचं कापून वाळवलेलं पवना, मारवेल यांसारखं गवत गुरांसाठी रचलेल्या गंजीत असतंच. हरळी परड्यात उगवते. ससा दिवसाला त्याच्या अंगाएवढा ढीग जरी संपवत असला तरी गुरांच्या चाऱ्यापुढे तो नगण्य.

फक्त दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, बांधावरचं गवत आणताना तिथे तणनाशक मारलेलं नाही ना. उसाच्या पट्ट्यात हा धोका खरा आहे आणि दोन किलोच्या जिवाला थोडं विषही पुरतं. दुसरी, गवताला बुरशी धरलेली नाही ना. इथल्या पावसात गंजीचा खालचा थर काळा पडतो, म्हैस तो बाजूला सारते, सशापुढे तो टाकूच नये. जूनच्या आधी एक-दोन पोती कोरडं गवत माळ्यावर टाकून ठेवलं तर पावसाळा निघतो. भाताचं पिंजर खाली अंथरायला उत्तम, पोषण म्हणून मात्र कमी. लसूणघास पोसवती पिल्लं खाऊ शकतात, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होऊन मूत्राचा त्रास होतो. कोवळं कडवळ गुरांनाही बाधतं हे शेतकऱ्यांना सांगायला नको, सशालाही देऊ नये.

भाज्यांत कोथिंबीर, मेथी, शेपू, पुदिना, मुळ्याचा पाला आलटून पालटून, धुऊन, रोज एक ओंजळभर. कांदा, लसूण, बटाटा आणि बटाट्या-टोमॅटोचा पाला, घाणेरी, कण्हेर ही पूर्ण वर्ज्य. चपाती, भात, बिस्कीट, गूळ, चिरमुरे आणि दूधही नको. घरात आजी असेल तर हा नियम पाळणं सगळ्यात अवघड जातं. 'एवढंसं दिलं तर काय होतंय' या मायेने जितके ससे आजारी पडतात, तितके दुर्लक्षाने पडत नसावेत. पाणी मात्र कायम हवं, जड वाटीत, म्हणजे ते सांडत नाही.

पहिला आठवडा

'सशाचं काळीज' हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही. निसर्गात ससा हे बहुतेक सगळ्यांचं खाद्य आहे. कोल्हा, रानमांजर, घार, साप. अचानक वरून येणारा हात त्याला घारीसारखाच वाटतो. नवीन घरात पहिले तीन-चार दिवस त्याला एकाच शांत खोलीत ठेवावं. पाहुणे, शेजारची मुलं, मोबाइलवर व्हिडिओ काढणं, सगळं नंतर. आधीच्या घरी जे खात होता तेच पहिला आठवडा द्यावं आणि नवं खाणं थोडं थोडं मिसळावं. आंघोळ कधीच घालू नये. भिजलेला ससा गारठून आणि धसक्याने मरू शकतो. तो स्वतःला मांजरासारखा चाटून स्वच्छ ठेवतो.

ओळख करून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे खोलीत जमिनीवर बसून आपलं काम करत राहणं. अभ्यास करणारं मूल यासाठी सर्वांत योग्य. ससा आधी लांबून बघेल, मग येऊन पाय हुंगेल, मग हनुवटी घासून जाईल. हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे हे घासणं म्हणजे 'हे माझं' अशी नोंद. मागचा पाय जमिनीवर आपटला तर तो सावध झाला आहे किंवा रागावला आहे. हवेत उडी मारून अंगाला झटका दिला तर तो खुशीत आहे. ही उडी दिसली की ससा घरात रुळला असं समजायला हरकत नाही.

कानाला धरून उचलणं चित्रांत आणि बाजारात दिसतं, ते क्रूर आहे. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या मानाने फार हलका असतो, पण मागच्या पायांचे स्नायू जबरदस्त. अधांतरी धरलेल्या सशाने जोरात लाथ झाडली तर त्याचाच मणका मोडू शकतो. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि ससा आपल्या अंगाशी लावलेला. दहा वर्षांखालच्या मुलांनी उचलूच नये, खाली बसून कुरवाळावं.

घरात कुत्रं असेल तर सुरुवातीला दाराच्या किंवा जाळीच्या आडून फक्त वास घेऊ द्यावा, तेही कुत्रं साखळीला असताना. कितीही गरीब कुत्रं असलं तरी दोघांना एकट्याने सोडू नये. पळणाऱ्या सशामागे धावणं हा कुत्र्याच्या स्वभावाचा भाग आहे, त्याला वाईट ठरवून उपयोग नाही.

पिंजरा की मोकळं?

बाजारात मिळणारा तारेचा छोटा पिंजरा रात्रीपुरता ठीक, आयुष्यभरासाठी नाही. तारेच्या तळावर सशाच्या पायांना जखमा होतात, कारण त्याच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. त्याला दिवसातून काही तास पळायला मोकळी जागा लागते, विशेषतः पहाटे आणि संध्याकाळी, कारण त्याच वेळी तो जास्त हिंडता असतो. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात, तिथे गोणपाट किंवा जुनी सतरंजी टाकावी. वायरी उचलून ठेवाव्यात. चार्जरची वायर त्याला वेलीच्या मुळीसारखीच वाटते.

शी-शूची सवय मात्र लवकर लागते. कोपऱ्यात एक घमेलं, तळाला वर्तमानपत्र, वर पिंजर, आणि घमेल्याच्याच कडेला खायचं गवत. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, त्यामुळे जागा आपोआप ठरते. लेंड्या परसातल्या मिरची-वांग्याला थेट घालता येतात, शेणखतासारख्या कुजवत ठेवाव्या लागत नाहीत.

हवामान हा इथला मोठा मुद्दा. ससा घामाने थंड होत नाही, तो कानांतून उष्णता सोडतो. पारा ३० अंशांच्या वर गेला की त्याला उष्माघाताचा धोका सुरू होतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली दुपारी ससा ठेवणं म्हणजे जीवाशी खेळ. कौलारू घराची आतली खोली, खिडकीला ओलं गोणपाट आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली शेजारी, एवढ्याने काम भागतं. धापा टाकत असेल, लाळ गळत असेल तर कान साध्या पाण्याने ओले करून लगेच डॉक्टरकडे न्यावं. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

पावसाळ्यात त्रास उलटा असतो. ओली जमीन, माश्या आणि शेपटीखालची घाण एकत्र आली की माश्या तिथे अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. गुरांना आसडी पडतात तसाच प्रकार, पण ससा दोन दिवसही तग धरत नाही. पावसाळ्यात रोज एकदा त्याचं मागचं अंग बघायलाच हवं. आणि गणपतीत गल्लीत डॉल्बी लागणार असेल, दिवाळीत फटाके वाजणार असतील, तर ससा आधीच आतल्या खोलीत, लपायला खोका देऊन ठेवावा. भीतीने ससे खरोखर मरतात.

दोनाचे दहा कसे होतात?

कोवळ्या वयात सशाचा नर-मादी भेद ओळखणं जाणकारांनाही चकवतं. 'दोन्ही माद्याच आहेत' म्हणून दिलेल्या जोडीला पुढे पिल्लं होतात. ससे साडेतीन ते सहा महिन्यांत वयात येतात, गर्भ सुमारे ३१ दिवसांचा असतो आणि व्यायल्यावर मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे पहिली पिल्लं दूध पीत असतानाच पुढची वाटेवर असतात.

त्यामुळे नसबंदीचा विचार पहिल्याच भेटीत डॉक्टरांशी बोलावा. मादीसाठी तो आणखी महत्त्वाचा आहे, कारण नसबंदी न केलेल्या वयस्क माद्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण खूप असतं. ससा एकटा कुढतो, जोडी बरी, पण नसबंदी झालेली. नराची नसबंदी झाल्यावरही काही आठवडे त्याला मादीपासून वेगळं ठेवावं लागतं.

डॉक्टरकडे जाताना

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचं काम मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्यांचं. तिथे ससा क्वचित येतो. कोल्हापूर शहर गारगोटीहून पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि तिथे पाळीव प्राण्यांचे खासगी दवाखाने आहेत. त्याहून गुंतागुंतीची केस असेल तर पुणे-सातारा महामार्गावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ससा आजारी पडल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा, घरी आणल्याच्या आठवड्यातच सशावर उपचार करणारे डॉक्टर कोण, त्यांचा नंबर काय, हे विचारून ठेवावं.

सशाच्या मालकाने तीन गोष्टी लक्षात ठेवून डॉक्टरांना आपणहून विचाराव्यात. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन ही माणसांत आणि कुत्र्यांत सर्रास चालणारी अँटिबायोटिक्स सशाला तोंडावाटे दिली तर आतड्यातले चांगले जिवाणू मरून ससा दगावू शकतो. घरातलं उरलेलं औषध देण्याचा प्रश्नच येत नाही. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवरचं फिप्रोनिल असलेलं औषध सशाला विषारी आहे. आणि ऑपरेशनच्या आधी कुत्र्याला उपाशी ठेवतात तसं सशाला ठेवत नाहीत, कारण त्याला उलटी होत नाही आणि रिकामं आतडंच त्याच्या जिवावर उठतं.

रोजची तपासणी म्हणजे लेंड्या मोजणं नव्हे, पण सकाळी घमेल्यात नजर टाकणं. लेंड्या बारीक झाल्या, कमी झाल्या, ससा कोपऱ्यात कुबड काढून बसला आणि आवडती कोथिंबीरही हुंगून सोडली, तर आतडं थांबायला लागलं आहे. बारा तास काही खाल्लं नाही तर ती तातडीची वेळ आहे. 'उद्या बघू' म्हणण्याइतका वेळ नसतो. आजार लपवणं हा शिकार होणाऱ्या प्राण्यांचा स्वभावच, त्यामुळे ससा आजारी दिसायला लागतो तेव्हा तो बराच आधीपासून आजारी असतो.

नकोसा झाला तर?

'रानात सोडून देऊ, तिथं गवत आहेच' हा विचार अनेकांच्या मनात येतो. पाळीव ससा रानात जगत नाही. पांढरा रंग लांबून दिसतो, कुठे लपायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं आणि भटकी कुत्री, मुंगूस, रानमांजर पहिल्या एक-दोन रात्रीतच त्याला गाठतात. जिथे जगला, तिथे उलटीच आफत आली. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून आणलेले २४ ससे सोडले आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत त्यांनी त्या खंडातली कुरणं फस्त केली.

कायद्यानेही ते बसत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पाळीव सशालाही लागू आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे, उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे, तसंच हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात कोंडणं हाही.

ससा ठेवणं खरंच जमत नसेल तर त्याच्यासाठी दुसरं घर शोधावं. देताना त्याचं रोजचं खाणं एका कागदावर लिहून द्यावं, त्याचं घमेलं आणि आठवड्याभराचं गवत सोबत द्यावं. आणि नर की मादी, हे त्याआधी एकदा डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावं.